आश्रम का काढत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"तुम्ही सरळ एक वृद्धाश्रम का काढत नाही?" रामबागेत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, फोनवर, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या मनात चांगलंच असतं. आम्ही सहा-सात जण कुणाच्या तरी आजी-आजोबांना घेऊन बँका, कचेऱ्या, दवाखाने करत इंदूरभर फिरतो. त्यापेक्षा सगळ्यांची एका छपराखाली सोय झालेली काय वाईट, असं त्यांना वाटतं.

सुरुवात आमच्या गल्लीतल्या एका काकूंपासून झाली. वय 78, एकट्या. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता आणि यंत्रावर अंगठाच लागेना. जन्मभर भांडी घासून, पापड लाटून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. तिसऱ्या खेपेला काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "माताजी, किसी को साथ लेकर आइए." काकू घरी आल्या, पिशवी ठेवली आणि मला म्हणाल्या, "अगं, सोबत कोणी असतं तर मी एकटी कशाला गेले असते?"

दुसऱ्या दिवशी मी गेले. अंगठा लागत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही हा दाखला निघतो, हे मी रात्री शोधून ठेवलं होतं. काम झालं. बाहेर आल्यावर काकू पायरीवर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

त्यांना छप्पर होतं हो. दारात तुळस होती, समोरच्या घरातून येणारी हाक होती, संध्याकाळचं देऊळ होतं. यातलं काहीही सोडून त्यांना कुठे जायचं नव्हतं. नव्हतं ते फक्त सोबतीचं माणूस. त्यासाठी त्यांचं घर का सोडवायचं? मला तर वाटतं, आश्रम निघाला की सगळ्यात आधी आपल्या गल्लीलाच सुटल्यासारखं होतं.

ज्यांना खरोखरच कोणी नाही, घर नाही, त्यांना निवारा हवाच. जानेवारी 2021 मध्ये आपल्याच शहरात रस्त्यावरच्या निराधार म्हाताऱ्यांना महापालिकेच्या ट्रकमधून नेऊन देवासच्या वाटेवर क्षिप्रा गावाजवळ उतरवलं होतं. गावकरी आडवे आले, त्यांनी व्हिडिओ काढला, तेव्हा त्यांना पुन्हा ट्रकमध्ये बसवून परत आणलं. तो व्हिडिओ मी अजून विसरलेले नाही. सामानाची गाठोडी आणि त्या थंडीत खाली बसलेली माणसं. ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्यात दर जिल्ह्यात किमान 150 निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे, आणि ते काम राज्य सरकारचं म्हणून सांगितलं आहे. ते सरकारने करावं, म्हणून आम्ही आवेदनं देतो.

त्याच कायद्याचं कलम 5 मला फार जवळचं वाटतं. पोटगीचा अर्ज ज्येष्ठाला स्वतःला करणं जमत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. म्हणजे सोबतीला कायद्यातच जागा आहे! मग कलम 23. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिलं आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते दानपत्र रद्द होऊ शकतं. 2 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातल्या, छतरपूरच्या एका आईचं दानपत्र असंच रद्द ठरवलं आणि घराचा ताबा तिला परत द्यायला सांगितलं. हा निकाल मी छापून पिशवीत ठेवते. पण तो दाखवला की बहुतेक आजोबा कागद उलटा करून ठेवतात. पोरावर केस? लोक काय म्हणतील? तेव्हा मी घाई करत नाही. चहा घेते, पुन्हा येते म्हणते. एक आजोबा चौथ्या भेटीत म्हणाले, "अर्ज लिही, पण त्याचं नाव नीट लिही, 'चिरंजीव' लाव." मी लावलं.

मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात. आम्ही ज्येष्ठांना आदल्या संध्याकाळी फोन करतो: समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), आधार, जुनी पावती, गोळ्या, पाण्याची बाटली. आत बोलायचं त्यांनीच. आम्ही मागे उभे राहतो आणि पावती घेतल्याशिवाय निघत नाही. महिन्याच्या 600 रुपयांच्या पेन्शनसाठी सत्तरीतलं माणूस रिक्षाला किती घालवतं, याचा हिशेब एकदा करून बघा.

सध्या आमचं भांडण फुटपाथशी आहे. देशभर जे मानक धरतात, त्यात फुटपाथची उंची 150 मिलीमीटरपेक्षा जास्त नसावी असं आहे, म्हणजे साधारण सहा इंच. आमच्या कोपऱ्यावर काकूंनी स्वतः शिवणाची टेप धरली, साडेदहा इंच भरले. तक्रार केली, आठ दिवसांत "निराकरण झाले" असा संदेश आला. फुटपाथ तिथेच, तेवढाच. काकूंनी टेपेसकट फोटो काढायला लावला आणि आम्ही तक्रार पुन्हा उघडली आहे.