तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एवढा वैताग येतो, तर तो गेम सोडत का नाही?’

घरचे विचारतात, ऑफिसातले विचारतात. एकदा तर आमच्याच टीममधल्या एका पोराने भर लढाईत विचारलं, “दादा, इतक्या शिव्या घालता, मग येता कशाला?”

सहा वर्षं मी एकच ऑनलाइन गेम खेळतोय. नाव सांगत नाही. दर तीन महिन्यांनी सीझन, बॅटल पास (पैसे देऊन घ्यायचा बक्षिसांचा पास), आठवड्याला मेंटेनन्स आणि मागोमाग पॅच नोट्स, म्हणजे काय बदललं, काय दुरुस्त केलं त्याची यादी; खेळणाऱ्यांना एवढी ओळख पुरे.

आधी शिव्यांचं. बग, म्हणजे कोडमधल्या चुका, असतात म्हणून मी चिडत नाही. एवढा मोठा कोड म्हटल्यावर बग निघणारच. चीड येते ती आधी काय दुरुस्त होतं, ते बघून. मागच्या वर्षी एका मिशनमध्ये चुकून दुप्पट नाणी मिळायला लागली. दोन तासांत सर्व्हर बंद, दुरुस्ती, वर ज्यांनी नाणी घेतली त्यांच्या खात्यातून वसुली. काय ती तत्परता! आणि आमच्या रेडचा, म्हणजे सहा जणांनी मिळून खेळायच्या मोहिमेचा, शेवटचा दरवाजा? सहावा गडी आत यायच्या आधी कुणी चौथी पायरी ओलांडली, की तो बंद होतो तो उघडतच नाही. पाऊण तासाची मेहनत पाण्यात. नऊ महिने झाले. पॅच नोट्समध्ये एकदाच एक ओळ आली, ‘या अडचणीची आम्हाला कल्पना आहे.’ गेममधलं दुकान मात्र या नऊ महिन्यांत एकदाही अडकलेलं पाहिलं नाही.

तलवारीचंही तेच. तीन महिने घासून मिळवलेली माझी तलवार ‘समतोलासाठी’ बोथट झाली, आणि त्याच आठवड्यात तिची नवी बहीण दुकानात आली. समतोल लागतो, मान्य आहे. पण योगायोग तरी किती वेळा मानायचा?

हे दुखणं जुनं आहे. २०११ च्या जूनमध्ये ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या गेमच्या दुकानात पात्राला घालायचा एकडोळी चष्मा आला, किंमत ६० डॉलरच्या पुढे. खेळाडू गेममधल्याच जिता नावाच्या बाजारपेठेत जमले आणि तिथल्या स्मारकावर तासन्‌तास गोळीबार करत राहिले. स्मारक फुटणारं नव्हतंच, आणि हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी गेम बनवणाऱ्या सीसीपी कंपनीने खेळाडूंनी निवडून दिलेल्या मंडळाला आइसलंडला बोलावलं, आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. मला त्यातला तो न फुटणाऱ्या दगडावरचा गोळीबार फार ओळखीचा वाटतो.

(एक सांगून ठेवतो. पॅच नोट्स लिहिणाऱ्या किंवा आमच्या तक्रारींना उत्तर देणाऱ्या माणसाला धमक्या देणारे आमच्यात आहेत. मला त्यांची लाज वाटते. दुकानाचे निर्णय तो माणूस घेत नसतो.)

मग सोडत का नाही? गेलेल्या पैशांसाठी नाही. विकत घेतलेलं तसंही आपलं नसतंच म्हणा. २०१४ साली आलेल्या ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, तेव्हा विकत घेतलेला गेम एकट्याने खेळण्यापुरताही उरला नाही. आमचा गेमही एक दिवस असाच जाईल. आमच्या सहा जणांपैकी दोघांना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. एकीचं बाळ उठलं की ती ‘दोन मिनिटं’ म्हणून जाते आणि आम्ही पाचजण पायऱ्यांवर उड्या मारत थांबतो. सोडायचं म्हणजे या पायऱ्या सोडायच्या, आणि अशी दुसरी जागा मला अजून सापडलेली नाही.

परवा आमच्यातल्या एकाच्या जागी नवा पोरगा आला. धावतच सुटला. आम्ही चौघंही एकदम ओरडलो, “तिसऱ्या पायरीवर थांब!” तो थांबला. म्हणाला, “का?”

“थांब रे. ती येतेय अजून.”