दर्यागंजचा रविवार: दिल्लीतील जुन्या पुस्तकांच्या बाजारात

दिल्लीच्या दर्यागंजमधला जुन्या पुस्तकांचा रविवारचा बाजार 2019 साली कायमचा उठला, अशी समजूत असलेले वाचक आपल्याकडे अजूनही भेटतात. तो बाजार आजही भरतो. फक्त पदपथ सोडून तो आसफ अली रोडवरच्या महिला हाटच्या आवारात गेला आहे. गेल्या हिवाळ्यात एक सबंध रविवार मी तिथे घालवला. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा आणि हा बाजार कशाच्या बळावर तगला आहे तेही कळावे, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

बाजाराची पूर्वपीठिका थोडक्यात अशी आहे. नेताजी सुभाष मार्ग आणि आसफ अली रोड यांच्या पदपथांवर, रविवारी बंद असणाऱ्या दुकानांच्या पायऱ्यांपाशी, कित्येक दशके ही पुस्तके मांडली जात होती. जुलै 2019 मध्ये रहदारीच्या प्रश्नावरून दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने पदपथ मोकळा केला आणि पुस्तकविक्रेत्यांचे रविवार रिकामे जाऊ लागले. विक्रेत्यांची संघटना होती म्हणूनच पर्यायी जागेचा आग्रह टिकला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, डिलाइट सिनेमासमोरच्या महिला हाटमध्ये, बाजार पुन्हा सुरू झाला. जागेत रुळतो न रुळतो तोच 2020 ची टाळेबंदी आली. त्यातूनही तो उभा राहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तिथे पोहोचणे सोपे आहे. मेट्रोच्या व्हायोलेट मार्गावरील दिल्ली गेट हे सर्वांत जवळचे स्थानक असून तिथून बाजार चालत गाठता येतो. नवी दिल्ली रेल्वे स्थानकावरून येणाऱ्यांनी यलो मार्गाने कश्मीरी गेटला जाऊन गाडी बदलावी. सामान नसेल तर ऑटो किंवा ई-रिक्षाही चालेल, कारण अंतर फार नाही. रविवारी सकाळी मेट्रो इतर दिवसांपेक्षा उशिरा सुरू होते, हे ध्यानात ठेवावे. सकाळी दहाच्या सुमारास पोहोचलेले उत्तम, कारण तेव्हा गठ्ठे नुकतेच सुटत असतात आणि दुपारनंतर गर्दी इतकी वाढते की वाकून पुस्तक चाळणेही कठीण होते. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या आसपास लाल किल्ल्याच्या परिसरात कडक बंदोबस्त असतो, तेव्हा चौकशी करूनच जावे. मोकळे आवार असल्यामुळे पावसाळ्यात हाल होतात; सर आली की ताडपत्र्या ओढल्या जातात आणि खरेदी थांबते.

आत शिरल्यावर पहिली नजर पडते ती परीक्षांच्या पुस्तकांवर. नीट, जेईई, यूपीएससी, बँकांच्या परीक्षा, शालेय पाठ्यपुस्तके, वैद्यकीय शाखेचे जाडजूड ग्रंथ यांचे ढीग इतके आहेत की साहित्य शोधायला आलेला वाचक क्षणभर निराश होतो. तसे होऊ देऊ नये. हा बाजार मुख्यतः याच ढिगांवर तगला आहे, असे दिवसभर पाहून माझे मत झाले. नव्या संचासाठी हजारो रुपये मोजणे ज्याला परवडत नाही असा विद्यार्थी दर वर्षी नव्याने येतो, आणि परीक्षा संपली की तीच पुस्तके पुन्हा बाजारात येतात. या फिरत्या मालामुळे विक्रेत्याची चूल पेटते आणि शेजारच्या फळीवर कवितेचे पुस्तक महिनोन्महिने गिऱ्हाइकाची वाट पाहू शकते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील किंवा माटुंग्याच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांचा व्यवहारही बराचसा अभ्यासक्रमाच्या पुस्तकांवरच उभा आहे, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको.

दुसरा मोठा भाग इंग्रजी कादंबऱ्यांचा. परदेशांतील ग्रंथालयांनी काढून टाकलेली आणि तिथल्या लोकांनी दान केलेली पुस्तके गठ्ठ्यांनी भारतात येतात आणि इथे किलोच्या भावाने विकली जातात. मी उचललेल्या एका प्रवासवर्णनावर अमेरिकेतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाचा शिक्का होता, त्याच्यावर ‘रद्द’ अशा अर्थाचा दुसरा शिक्का होता, आणि मागच्या पानावरच्या चिठ्ठीत परतीच्या तारखांची रांग उमटलेली होती. शेवटच्या दोन तारखांमध्ये तब्बल नऊ वर्षांचे अंतर होते. विक्रेत्याने ते इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले, काटा किलोला थोडा कमी पडला, म्हणून त्याने हाताशी असलेली एक पातळ कथासंग्रहाची प्रत वर ठेवली आणि ‘पूरा हो गया जी’ म्हणून पिशवीत भरली. पुस्तक वजनावर विकलेले पाहून काहींना वाईट वाटते. मला तसे वाटले नाही. ही पुस्तके लगद्याच्या कारखान्यात जाण्याऐवजी वाचकाकडे जातात, आणि ज्याच्या खिशात दोनशे रुपये आहेत असा महाविद्यालयीन मुलगा तीन-चार कादंबऱ्या घेऊन घरी जातो.

जाणकारांसाठी खरी जागा मात्र कोपऱ्यांतली आहे. तिथले विक्रेते माल वजनावर देत नाहीत. घर रिकामे करणाऱ्यांकडून आणि कबाड्यांकडून आलेल्या गठ्ठ्यांतून निवडून काढलेली पुस्तके ते वेगळी मांडतात: जुने नकाशे, कलेवरचे ग्रंथ, बंद पडलेल्या हिंदी मासिकांचे अंक, उर्दूतील जुनी मुद्रणे. मी ज्यांच्यापाशी सर्वांत जास्त वेळ बसलो ते गृहस्थ वडिलांच्या मागे या धंद्यात आलेले होते आणि मुखपृष्ठ नसलेले पुस्तकही कागद व बांधणी पाहून कोणत्या काळातले असावे ते सांगत होते. पदपथावर येणारा-जाणारा माणूस सहज थांबायचा, आता मुद्दाम येणारेच येतात, असे त्यांचे म्हणणे होते. पण पालिकेची माणसे आली की सामान उचलून पळावे लागण्याची धास्ती गेली, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

मराठी पुस्तकांची आशा मर्यादित ठेवावी. एखाद्या दिल्लीकर मराठी कुटुंबाचा संग्रह रद्दीत गेला असेल तरच ती इथे येतात, आणि विक्रेते ती बहुधा हिंदीच्या ढिगात टाकतात, कारण लिपी एकच. त्यामुळे हिंदीचे ढीग प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावरचे नाव वाचत तपासावेत. मराठी आत्मकथनांचे आणि नाटकांचे हिंदी अनुवाद मात्र इथे चांगले मिळतात, आणि आपले साहित्य उत्तरेत कोणी वाचले आहे याचा अंदाज त्यांच्यावर लिहिलेल्या नावांवरून येतो. हिंदीत रस असणाऱ्यांनी शनिवारीच दर्यागंज गाठावे, कारण अन्सारी रोडवरील बऱ्याच प्रकाशकांची कार्यालये रविवारी बंद असतात.

खरेदीबाबत काही गोष्टी आवर्जून सांगतो. रोख रक्कम आणि सुटे पैसे जवळ असावेत. यूपीआय बहुतेकांकडे चालते, पण गर्दीत नेटवर्क दगा देते. कापडी पिशव्या दोन न्याव्यात. पुस्तक घेण्यापूर्वी मधली पाने उलटून पाहावीत, पाने गळालेली असतात, आणि शिवणीपाशी कसर किंवा वाळवी लागलेली आहे का तेही पाहावे, नाहीतर घरातल्या इतर पुस्तकांना ती लागते. खपाच्या नव्या पुस्तकांच्या चोरट्या प्रतीही इथे राजरोस मिळतात. करडा कागद, पुसट छपाई आणि धूसर मुखपृष्ठ यांवरून त्या ओळखू येतात. त्या घेऊ नयेत. लेखकाचे नुकसान होतेच, शिवाय खरी जुनी पुस्तके जमवणाऱ्या शेजारच्या विक्रेत्याच्या पोटावरही पाय येतो. किलोच्या ढिगात घासाघीस करण्यात अर्थ नाही. निवडक पुस्तकांच्या बाबतीत तीन-चार एकत्र घेतली तर विक्रेता आपण होऊन भाव कमी करतो.

ओझे झाले तर सोमवारी टपाल कार्यालयात जावे. टपाल खात्याने मे 2025 पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली असून तिचा दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि कमाल पाच किलोपर्यंत 100 रुपये, अधिक कर, असा ठेवला आहे. कोणती पुस्तके त्यात बसतात ते खिडकीवर आधी विचारून घ्यावे. निघताना ज्या विक्रेत्याची निवड आपल्याला पटली त्याचा व्हॉट्सॲप क्रमांक मागून घ्यावा. हवी असलेली पुस्तके कळवली तर यांपैकी काही जण आठवडाभरात आलेल्या गठ्ठ्यांतून ती बाजूला काढतात, छायाचित्रे पाठवतात आणि पैसे मिळाल्यावर पार्सल करतात. मला अशा एका विक्रेत्याकडून आतापर्यंत तीन पार्सले मिळाली असून तिसऱ्यात, न मागता, हिंदीच्या ढिगात सापडलेले एक मराठी पुस्तक त्याने घातले होते, आणि त्याचेही पैसे मी त्याच दिवशी पाठवले.