मालडब्याचा साकव

कोकण रेल्वेच्या कोलाड–वेर्णा रो-रो सेवेत ट्रक वाहणारे सपाट डबे बघितले असतील. अमेरिकेत असे भंगारात निघालेले डबे, काही तर 89 फुटी, गावरस्त्यांवर पूल म्हणून टाकतात. बोगी, म्हणजे खालचे चाकांचे गाडे, काढल्या की उरतो सांगाडा. त्यात बहुतेक भार मधला जाड कणा पेलतो.

आपल्याकडे व्हाळावर (ओढ्यावर) टाकायचा झाला तर आधार टोकांना नको, बोगी बसायची त्या आडव्या तुळईखाली द्यावा. टोकं तेवढ्या भारासाठी घडवलेलीच नसतात. चाक कडेला गेलं की सांगाडा पिळवटतो, म्हणून दोन सांगाडे शेजारी ठेवून पक्के जोडतात.

खरा वैरी खारी हवा. कण्याच्या बेचक्यात पालापाचोळा साचतो, ओल धरते आणि लोखंड आतून जातं. वरचा रंग मात्र शाबूत! हातोडीनं ठोकत जावं, बद्द आवाज आला तिथं संशय घ्यावा. रंगाआधी गंज पूर्ण खरवडावा, मग जस्ताचा प्रायमर, वर इपॉक्सी रंग. पाणी निघायला तळाशी भोकं हवीतच.

पायाला नुसता जांभा रचू नये, लोंढा बुडातली माती नेतो. कातळापर्यंत खणून काँक्रीट करावं. पायाच्या भिंतीमागच्या भरावात निचऱ्याचे पाइप ठेवावेत, नाहीतर आषाढात भिंत पुढे झुकते.