अंगण चोपण्याचे तीन दिवस

ठाण्याहून लोकलने कल्याण आणि तेथून मुरबाडमार्गे एसटीने सरळगावच्या पुढे, असा आमच्या गावचा प्रवास एरवी तीन तासांचा असतो. मुरबाडला रेल्वे नसल्यामुळे रस्त्यावाचून पर्याय नाही आणि शनिवारी त्या रस्त्यावर माळशेजकडे सहलीला निघालेल्या मोटारींची रांग उल्हास नदीवरील रायत्याच्या पुलाच्या अलीकडेच लागलेली असते. या वेळी दोन्ही मुलींना घेऊन मी घरी पोहोचले तेव्हा साडेचार तास झाले होते, मुली कंटाळून गेल्या होत्या आणि दारात काकू हाताला कोपरापर्यंत माती लागलेली असताना उभी होती. ‘आलीस का? साडी बदल आणि ये, माती भिजत घातली आहे,’ एवढेच ती म्हणाली.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा चालू होता. दसऱ्याला बांधलेले नवे, म्हणजे भाताच्या लोंब्या, कुर्डू आणि झेंडूची जुडी, दाराच्या चौकटीवर वाळत होते. वरच्या खाचरांतील हळवे भात पिवळे होऊन कापणीला आले होते आणि ओढ्यालगतचे गरवे अजून हिरवे होते. भात तयार झाले म्हणजे ते झोडायला खळे तयार हवे, आणि आमच्याकडे घरापुढचे अंगण हेच खळे. चार महिन्यांच्या पावसाने त्याची काय अवस्था होते, हे मी लहानपणी दरवर्षी पाहिले असूनही पुरते विसरले होते. मधोमध शेवाळ्याचा हिरवा थर चढलेला, कडेने हरळी आणि टाकळा माजलेला, आणि कौलांच्या पागोळ्या जेथे पडतात तेथे भिंतीला समांतर अशी बोटभर खोल खड्ड्यांची सरळ ओळ, जणू कोणी पहारीने टोचून ठेवली असावी. धाकटी मुलगी ते खड्डे मोजत बसली होती.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गेल्या वर्षी मीच काकांना फोन करून सांगितले होते की, आता तुमचे वय झाले, दरवर्षी हा खटाटोप कशाला, अंगणात कोबा करून घ्या. आणि त्यासाठी पैसेही पाठवले होते. त्या पैशांतून काकांनी विहिरीचा ढासळलेला काठ बांधून घेतला आणि अंगण जसे होते तसेच ठेवले. मला त्याचा राग आला होता, हेही खरे. या वेळी विचारल्यावर त्यांनी शांतपणे कारण सांगितले. कोब्यावर वाळत घातलेले भात भराभर तापते, वरून सुकते आणि आत ओल राहते, त्यामुळे दाण्याला बारीक चीर जाते आणि गिरणीत गेल्यावर अख्ख्या तांदळाऐवजी कणीच जास्त निघते. सारवलेली जमीन उन्हातही फार तापत नाही, म्हणून भात सावकाश आणि सारखे वाळते. हे मला वयाच्या चाळिशीत कळावे, तेही सातबाऱ्यावर भावाबरोबर माझे नाव असताना, याचे मनापासून वाईट वाटले.

पहिला दिवस खरवडण्यात गेला. फावड्याने शेवाळ काढायचे, खुरप्याने हरळीची मुळे ओढायची आणि ती उकिरड्यावर न टाकता उन्हात वाळवून जाळायची, कारण एक कांडे राहिले तरी ती पुन्हा फुटते. काकांनी बांधाकडेच्या एका ओसाड, पावसाने ढासळलेल्या वारुळाची माती आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. त्या मातीत मुरूम आणि भाताचे तूस कालवले की अंगणाला भेगा कमी पडतात. भिजलेली माती पायांनी तुडवून पागोळ्यांचे खड्डे भरले, मग सबंध अंगणावर तिचा थर पसरला आणि ओट्याकडून बाहेर पाणी वाहील असा किंचित उतार दिला. तो उतार काकूने कोणतेही साधन न वापरता, केवळ उकिडवे बसून डोळ्यांनी पाहून साधला.

खरे काम दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाले. माती फार ओली असेल तर चोपणीला चिकटून वर येते आणि फार सुकली तर तिचा भुगा होतो, म्हणून नेमकी वेळ साधावी लागते. काकू दर अर्ध्या तासाने अंगणात जाऊन अंगठा दाबून पाहत होती. ठसा उमटला, पण अंगठ्याला माती लागली नाही, तेव्हा तिने आम्हाला हाक मारली. वाडीवरच्या दोन कातकरी बायका मदतीला आल्या होत्या. दिवाळीनंतर त्यांची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, त्यामुळे गावात त्यांचे हात मिळण्याचे हेच दिवस. चौघी एका ओळीत उकिडव्या बसलो आणि चोपणी आपटत मागे मागे सरकत गेलो. चोपणी म्हणजे बसक्या लाकडी बॅटीसारखे अवजार. तिचा घाव सपाट बसला तर ‘धप्प’ असा भरीव आवाज येतो आणि तिरका बसला तर काठ रुतून खाच पडते. माझ्या वाट्याच्या पट्ट्यात अशा पुष्कळ खाचा होत्या. काकू काही न बोलता माझ्यामागून त्या बुजवत आली. संध्याकाळी शेणकाल्याचा पहिला हात फिरला तेव्हा ते अंगण ओल्या पाटीसारखे एकसंध दिसत होते, आणि माझे गुडघे सरळ होत नव्हते.

रात्री नऊच्या सुमारास विजा चमकू लागल्या. मुंबईच्या परिसरातून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरली जाते आणि ती उलटून गेली होती. पण परतीचा पाऊस कोणाच्या तारखेला बांधलेला नसतो. काका आणि मी ताडपत्री घेऊन धावलो, ती अर्ध्या अंगणालाच पुरली. उरलेल्या अर्ध्यावर वीस मिनिटे टपोरा पाऊस कोसळला. पडवीत कंदील धरून आम्ही ते पाहत होतो. पागोळ्यांनी जुन्याच जागी, त्याच ओळीत, पुन्हा खड्डे पाडले. मला रडू आले, आणि ते मी लपवले नाही. वरच्या खाचरातील भात उभेच होते, ते आडवे झाले नसले म्हणजे मिळवली, असे काका म्हणाले आणि बॅटरी घेऊन बांधावर निघून गेले. त्यांच्या लेखी चिंता भाताची होती. अंगण पुन्हा करता येते.

पहाटे मला जाग आली ती त्या ‘धप्प’ आवाजाने. काकूने रात्रीच उरलेली माती पाटीने झाकून ठेवली होती आणि उजाडण्यापूर्वीच तिने खड्डे भरायला घेतले होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने एकही वर्ष हे काम चुकवलेले नाही. तिच्या हालचालींत त्रागा नव्हता की घाई नव्हती. मी जाऊन शेजारी बसले. या वेळी माझे घाव बरेच सपाट पडत होते.

एक तक्रार मात्र लिहिलीच पाहिजे. आमच्या बांधाला लागून असलेली खाचरे विकली गेली आणि तेथे शहरातल्या लोकांसाठी भाड्याचा बंगला उभा राहिला. त्या रात्री विजांच्या कडकडाटापूर्वी कानठळ्या बसवणारी गाणी तेथूनच येत होती, आणि त्याच्या भरावामुळे वरच्या शेतांचे पाणी तुंबून आता आमच्या बांधावरून फुटते. २०२५-२६ साठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या भावाचा आणि गुंठ्यावर विकल्या जाणाऱ्या जमिनीचा हिशेब घालणाऱ्या शेजाऱ्यांना मी दोष देऊ शकत नाही. पण पाण्याची वाट अडवण्याचा अधिकार जमीन विकत घेतल्याने कोणाला मिळत नाही.

पुढचे दोन दिवस ऊन कडक पडले आणि सगळे कापणीत गेले. वरचे भात एका कोपऱ्यात कलंडले होते, बाकीचे वाचले होते. भारे अंगणात आले तेव्हा सारवणाचा दुसरा हात खडखडीत वाळला होता. काकांनी बाकडे मधोमध मांडले, पहिली पेंढी दोन्ही हातांनी उचलून त्यावर आपटली आणि दाणे तडतडत त्या गुळगुळीत जमिनीवर चहूकडे पसरले. एकही दाणा भेगेत गेला नाही, हे काकूने वाकून पाहिले. संध्याकाळी वारा सुटल्यावर सुपाने भात वारवले. पळींज उडून पेरूच्या झाडाखाली साचले आणि खाली पिवळ्या दाण्यांची रास राहिली. मुलींनी त्या राशीत कोपरापर्यंत हात घातले.

निघताना मी काकूला सांगितले की, पुढच्या वर्षी दसऱ्याला जोडून आठ दिवसांची रजा काढून येते. तिने चोपणी फडक्याने पुसून पडवीच्या वाशाला टांगली, मुलींच्या हातांकडे पाहिले आणि काकांना म्हणाली, ‘सुताराला सांगून दोन लहान चोपण्या करून घ्या.’