जुनी पिकअप शोधताना: मीटर, तास आणि टायर

शोध सुरू होऊन दोन महिने झाले. तीन गाड्या जॅकवर चढवून पाहिल्या, चौथी पुढच्या रविवारी. गोव्यात जुनी पिकअप विकणाऱ्याचं एक वाक्य ठरलेलं असतं: "गाडी गोव्याबाहेर गेलीच नाही." ते खोटं असेल तर मीटर मागे फिरवलेला निघतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. खरी पंचाईत ते वाक्य खरं असतं तेव्हा होते. उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळ्यापर्यंत जेमतेम दीडशे किलोमीटरचं राज्य. इथली गाडी कमी पळूनही इंजिन चाललेल्या तासांनी, वजनाने आणि खाऱ्या पाण्याने संपू शकते. म्हणून खालच्या नोंदींत मीटरचा आकडा लिहिला आहे, पण त्याला फक्त एका साक्षीदाराचा मान दिला आहे.

बरोबरची हत्यारं: चांगली बॅटरी (टॉर्च), जाडी मोजायचा व्हर्नियर, टायरची खोली मोजायचं गेज, छोटा हातोडा, पहार आणि गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा, हजार रुपयांच्या आत मिळणारा ओबीडी अडॅप्टर. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगायचं की आम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम करून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं.

पहिली: म्हापसा, सिंगल कॅब, २०१७, पिवळी पाटी. मीटर ८८,४००.

आठ वर्षांत ८८,४०० म्हणजे वर्षाला अकरा हजार. माल वाहणाऱ्या गाडीला हा आकडा फारच सोवळा. हौद्याच्या कडांवर क्रेटच्या घासण्याच्या रेघा होत्या, म्हणजे भाजी. भाजी म्हटलं की बेळगाव, आणि चोर्ला घाटाने जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर धरायला हरकत नाही. आठवड्यातून पाच फेऱ्या, वर्षाचे पन्नास आठवडे: ६२,५०० किलोमीटर. मीटरवरचा आकडा दीड वर्षाचाही नाही.

अंदाज पुरावा नसतो, म्हणून फास्टॅगचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, त्यामुळे हा कागद बहुतेक गाड्यांचा मिळतो आणि त्यामागच्या मूळ नोंदीत विकणाऱ्याला खाडाखोड करता येत नाही. विकणाऱ्याने फोटो पाठवला तर घेऊ नका, त्याच्याच फोनवर अ‍ॅप उघडून बघा. बेळगावच्या पलीकडचा हत्तरगी नाका ९२ वेळा ओलांडलेला होता, म्हणजे ४६ फेऱ्या. एक फेरी किमान ३०० किलोमीटरची धरली तरी अर्ध्या वर्षात १३,८०० झाले. बेळगावातूनच परतलेल्या फेऱ्या या हिशेबात आलेल्याच नाहीत.

मग टायर. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पुढची जोडी २०२४ ची, मागची २०२३ ची, स्टेपनी मात्र २०१७ ची. बोजा वाहणाऱ्या पिकअपचा एक संच आम्ही ४०,००० ते ५०,००० किलोमीटरचा धरतो. स्टेपनीवर गोट्या (नक्षीचे उंचवटे) उरलेल्या नव्हत्या, ती कारखान्यातून आलेल्या संचातली चांगली झिजलेली निघाली. तिच्या आणि आताच्या टायरांच्या मध्ये किमान एक संच येऊन गेला असणार.

पेडलचं रबर नवंकोरं होतं. रबर स्वस्त असतं, ते बदलणं हा गुन्हा नाही. पण रबराच्या मागचा लोखंडी दांडा आणि त्याचं बुश कोणी बदलत नाही. क्लच पेडल बोटांनी आडवं हलवलं तर बोटभर हललं. ड्रायव्हरचा दरवाजा अर्धा उघडून टोकाला धरून उचलला, बिजागरीत खडखड. डावा दरवाजा घट्ट. शेवटी दरवाज्याच्या खांबावर ऑइल बदलल्याचं अर्धवट खरवडलेलं स्टिकर सापडलं: पुढचं ऑइल १,३०,००० वर. गाडी सोडली.

दुसरी: फोंड्याजवळ, डबल कॅब, २०१९. मीटर ६१,२००.

ही गाडी आम्हाला जवळजवळ फसवून गेली, आणि तीही एक शब्द खोटा न बोलता. टायरच्या तारखा जुळत होत्या, सर्व्हिसच्या जॉबकार्डांवर किलोमीटर चढत्या क्रमाने होते, विम्याच्या क्लेमच्या सर्व्हे रिपोर्टवरचा आकडाही त्यात बसत होता. ही दोन्ही कागदपत्रं विकणाऱ्याच्या फाइलीत नसली तर वर्कशॉप आणि विमा कंपनीकडून मागवायला सांगा. त्यावरचा आकडा तिसऱ्याच माणसाने लिहिलेला असतो, हीच त्यांची किंमत.

ओबीडी लावला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. तीन गोष्टी बघायच्या. पहिली, कोड पुसल्यापासून कापलेलं अंतर. हा आकडा इंजिनाच्या ईसीयूत (संगणकात) असतो आणि मीटर मागे घेणारा बहुतेक वेळा फक्त मीटरच्या पॅनेलमधल्या मेमरी चिपवरचा आकडा बदलतो. मीटरपेक्षा हा आकडा मोठा निघाला तर पुढे बोलायची गरज नाही. तो ६५,५३५ वर अडतो, तेवढं ध्यानात ठेवा. उलट तो २०–३० किलोमीटर दिसला तर कालपरवाच कोणीतरी कोड पुसले आहेत. कशासाठी, ते विचारा. दुसरी, इंजिन चाललेले एकूण तास. साधा अडॅप्टर सगळ्याच गाड्यांत तास दाखवत नाही, तेव्हा कंपनीच्या स्कॅनरवर पैसे देऊन वाचून घ्यावे लागतात, आणि ते पैसे वाया जात नाहीत. तिसरी बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांच्या) गाड्यांसाठी: डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, राख आणि रीजनरेशनच्या (ती काजळी जाळण्याच्या) नोंदी. ही गाडी बीएस-४, त्यामुळे तो मुद्दा आला नाही.

तास निघाले ५,४८०.

६१,२०० भागिले ५,४८० म्हणजे ताशी ११ किलोमीटर. गोव्यात गाव, बाजार आणि महामार्ग असा मिश्र वापर असलेल्या पिकअपला आम्ही ताशी २५ ते ३५ धरतो. ताशी ११ चा अर्थ दोनपैकी एक: मीटर मागे घेतलेला आहे, किंवा गाडी तासन्‌तास एसी लावून उभी असायची. कागद जुळत होते, म्हणून दुसरा. विचारल्यावर कळलं की गाडी रस्त्याच्या कामावर, साइट इंजिनिअरच्या दिमतीला होती. ३५ च्या वेगाने तेच तास मोजले तर इंजिन १,९१,८०० किलोमीटर चालल्यासारखं आहे. उभ्या गाडीत बोजा नसतो, त्यामुळे झीज तेवढीच झाली असं म्हणता येणार नाही. पण आयडलवर इंजिन पुरेसं तापत नाही, ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) आणि हवेच्या इनटेकमध्ये काजळी साचते, आणि ऑइल किलोमीटर बघून बदललेलं असतं. १०,००० किलोमीटरला ऑइल म्हणजे या गाडीत सुमारे ९०० तासांना एकदा ऑइल. हे वाचून कुठल्याही फिटरच्या पोटात गोळा यावा.

थंड इंजिन सुरू करून ऑइल भरायचं झाकण सैल केलं. थोडी वाफ सगळ्याच डिझेलमध्ये असते, इथे मात्र झाकण उडत होतं आणि डिपस्टिकच्या नळीतूनही धूर येत होता, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळत होता. कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) तपासलं: तीन सिलिंडर २६–२७ बार, एक २१. सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत फरक चालतो, इथे तो वीसच्या वर होता. इंजिनकामाचा खर्च किमतीतून वळता करायला मालक तयार नाही. बोलणी चालू.

तिसरी: मडगाव, २०१२, केबलचा मीटर. आकडा ४३,२००.

पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो. तेव्हा हा आकडा ४३,२००, १,४३,२०० किंवा २,४३,२०० यांपैकी काहीही असू शकतो. आकड्यांची चाकं एका ओळीत आहेत का पाहा. डाव्या बाजूची वाकडी असतील तर ती हाताने फिरवली असण्याचा संशय धरा. केबल गिअरबॉक्सवर जिथे बसते त्या नटावर पकडीच्या ताज्या खुणा आहेत का तेही बघा. इथे नट धुळीने माखलेला होता, त्यामुळे निदान अलीकडे केबल निघालेली नाही.

टायर मूळ मापापेक्षा मोठे होते. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर जातो, मीटर कमी मोजतो. फोनच्या जीपीएसवर महामार्गाने २० किलोमीटर चालवली, मीटरने १८.६ दाखवले. गुणक १.०७५. पण हे टायर २०२२ चे आहेत, त्यामुळे गुणक शेवटच्या तीन वर्षांनाच लावायचा. सबंध आकड्याला लावणारे स्वतःचीच फसगत करून घेतात.

खरं वय खालून कळलं. शॅकलच्या (कमानीचं टोक चेसिसला टांगणाऱ्या कडीच्या) पिना पहारीने उचकटल्या तर बुश संपलेलं, कमानपाट्यांच्या टोकांना खाचा, आणि एक पाटा मागाहून घातलेला, बहुधा चिऱ्यांसाठी. प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये खेळ नव्हता, पण त्याची ग्रीस भरायची निप्पल चकचकीत, म्हणजे क्रॉस नवा. पुढच्या ब्रेक डिस्कवर किमान जाडी २२ मिलिमीटर कोरलेली, व्हर्नियरने २२.३ आली. आम्ही तिला १,४३,००० ची धरून बोललो, मालकाने वाद घातला नाही.

मासळीच्या गाड्यांबद्दल एवढंच: मालीमची जेटी ते बाजार अशा फेऱ्यांत किलोमीटर खरोखर कमी पडतात, आणि बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चेसिसवर गळत राहतं. मागच्या कमानीच्या ब्रॅकेटजवळ, चॅनेलच्या आतून, हातोडा मारून आवाज ऐका. खणखणीत नसून भदभद आला तर मीटर बघायला केबिनमध्ये चढूच नका.

चौथी गाडी डिचोलीची, २०२१, मीटर ३९,०००. फास्टॅगचं स्टेटमेंट आणि दोन जॉबकार्डं आधीच मागवली आहेत. एक खटकतंय: पिवळ्या पाटीच्या गाडीची फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी करायची असते, आणि हिच्या दोन सर्टिफिकेटांत सात महिन्यांची फट आहे. त्या काळात गाडी उभी होती की कागदाविना पळत होती, हे टायरच्या तारखा आणि तासांवरून बघायचं आहे. बीएस-६ असल्यामुळे डीपीएफही या वेळी वाचता येईल.