बघून येतो

रविवार रात्र, पावणेदोन.

लाइट गेली तेव्हा सुमित ‘बघून येतो’ म्हणाला आणि खाली गेला तो गेलाच. वीस मिनिटं. ती वीस मिनिटं डोक्यातून जात नाहीयेत.

सिनेमा त्यानेच लावलेला. टाय वेस्टचा ‘द इनकीपर्स’, 2011 चा. बंद पडायला आलेलं जुनं हॉटेल, शेवटचा शनिवार-रविवार, रिसेप्शनवर क्लेअर आणि ल्यूक दोघंच. गिऱ्हाईक नाही म्हणून रेकॉर्डर लावून भुताचे आवाज पकडत बसतात. तासभर तसं काही घडतच नाही. क्लेअर कचऱ्याची पिशवी ओढत नेते, ती पेटीत टाकताना तिची दमछाक होते, बस. तरी मी उशी पोटाशी धरून. हॉटेल खरं आहे, कनेक्टिकटमधलं. आधीच्या सिनेमाच्या वेळी ही मंडळी तिथेच उतरलेली, त्यातूनच हा सुचला. हे सुमितने सिनेमा थांबवून सांगितलं. खोडच आहे त्याला.

तर तळघरात क्लेअर ल्यूकला सांगते, ती तुझ्या मागे आहे. आणि भुतांची वेबसाइट चालवणारा हा बहाद्दर तिला तिथेच टाकून पळतो!

थोड्याच वेळात ठाण्यातल्या आमच्या अख्ख्या चरईची लाइट गेली.

सुमित परत आला तो वडापाव घेऊन. ‘ट्रान्सफॉर्मर उडालाय, म्हटलं तोवर...’ तोवर काय? तोवर मी काळोखात दम्याचा पंप चाचपडतेय. क्लेअरकडेही पंप असतो, ते तर आणखीच. माझ्यासाठी कोणी थांबतच नाही. मागे पुण्याला तरी काय झालं... जाऊ दे. पण वीस मिनिटं? वडे काय तिथे बसून तळून घेतले?

लाइट आल्यावर आतून आजी म्हणाली, ‘दोन हाका मारल्या गं तुला.’

मारल्या होत्या. दोन्ही ऐकल्या मी. तिच्या खोलीपर्यंत आठ पावलं आहेत, मधे पॅसेज. मी पाय सोफ्यावर घेऊन, पंप मुठीत धरून, गप्प बसले होते. सुमित निदान ‘बघून येतो’ एवढं तरी म्हणाला.

‘घाबरलीस का?’ मी विचारलं.

‘मी कशाला? तू घाबरट, म्हणून मारल्या.’

बरं. एक वडापाव उरलाय, माझाच. पाव वातड झालाय, पण चटणी झणझणीत आहे.