"दोन ठेवून द्या, आमची हरकत नाही"

नवीन मुलगा ज्युदोच्या क्लासला घातला की फी भरता भरता पालक म्हणतात, "मॅडम, ऐकत नसला तर दोन ठेवून द्या, आमची काही हरकत नाही." मी सांगते, मी मारत नाही. मग ज्यांना माझी थोडी माहिती असते ते पुढचा प्रश्न विचारतात: "पण तुम्ही तर त्या सरांचा मार खाऊनच नॅशनलचं मेडल आणलंत ना? मग आमच्याच पोरांना लाडात का ठेवता?"

आजवर मी हा प्रश्न टाळत आले. मध्यंतरी एक वडील म्हणाले, "शाळेत आता मारता येत नाही, म्हणून तर तुमच्याकडे पाठवतो." 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेतली मारहाण बंद केली, ती भरून काढायची जागा म्हणजे माझा क्लास, असा त्यांचा हिशोब. त्या दिवशी झोप लागली नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहिते.

आधी लाडाचं बोलू. माझ्याकडे नखं वाढलेला मुलगा मॅटवर येत नाही. घामट, न धुतलेला गी, म्हणजे ज्युदोचा जाड पोशाख, घालून आलेला येत नाही. उशीर झाला तर कडेला उभं राहायचं, मी मान हलवली की वाकून नमस्कार करायचा आणि मग आत यायचं. पहिले कित्येक दिवस आम्ही फक्त पडायला शिकतो. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, श्वास सोडत सोडत हाताचा पंजा आणि कोपरापर्यंतचा भाग एकदम मॅटवर आपटायचा. मुलं कंटाळतात, आयांना वाटतं पैसे फुकट चालले. पण ओसोतो-गारी नावाच्या डावात समोरच्याचा पाय मागून छाटला की तो सरळ पाठीवर जातो, आणि मान सैल असेल तर डोक्याची मागची बाजू आधी टेकते. 1983 पासूनच्या साधारण तीन दशकांत जपानच्या शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून जास्त मुलं दगावली, त्यातली बरीच डोक्याला मार लागून. हे वाचल्यापासून मी एकाही मुलाला पडणं पक्कं झाल्याशिवाय डाव शिकवलेला नाही. आता याला कुणी लाड म्हणत असेल तर म्हणो.

जपानचा विषय निघालाच आहे, तर तुमचं दुसरं आवडतं वाक्यही घेते. "जपानी लोक बघा किती कडक असतात." होय, असतात. 2012 च्या अखेरीस त्यांच्याच महिला संघातल्या 15 खेळाडूंनी लेखी तक्रार केली की प्रशिक्षक थोबाडीत मारतात, बांबूच्या काठीनं झोडपतात, नाही नाही ते बोलतात. 2013 च्या सुरुवातीला मुख्य प्रशिक्षकांना पायउतार व्हावं लागलं. त्या मारानं काय मिळालं होतं? लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचं एक सुवर्ण. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मुलींनी वैयक्तिक गटांत चार सुवर्णं घेतली. मार थांबला म्हणून सुवर्णं आली असं मी म्हणणार नाही, घरचं मैदान होतं, पिढीही वेगळी होती. पण माराशिवाय मेडल येत नाही, हे तरी आता म्हणू नका. आणि 2022 मध्ये तिथल्या ज्युदो महासंघानं प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. एवढ्याएवढ्या पोरांना उपाशी ठेवून वजन उतरवायला लावत होते, प्रशिक्षक आणि पालक कडेला उभे राहून मुलांवर आणि पंचांवर ओरडत होते. हे वाचताना मला आपल्या जिल्हा स्पर्धांमधली कडेची गर्दी दिसत होती.

आता सरांबद्दल.

नाव घेणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. सर छडी वापरायचे, पण ते मला इथं सांगायचं नाही. त्या काळी छडी सगळीकडेच होती. मला एका संध्याकाळबद्दल सांगायचं आहे.

मी अकरावीत होते. आमचा हॉल म्हणजे एका शाळेचा वरचा मजला. काथ्याच्या गाद्या एकमेकींना भिडवून वर ताडपत्री ताणलेली. आमच्यात नववीतला एक मुलगा होता, अंगानं किडकिडीत, पण पायांनी फार चपळ. स्पर्धेसाठी सरांनी सगळ्यांकडून पैसे घेतले होते. त्या मुलाच्या वडिलांनी त्याला पावती मागायला सांगितलं, आणि त्यानं ती मागितली. चुकलं एवढंच की चारचौघांत मागितली. दोन-तीन पालक समोर बसलेले होते. सर म्हणाले, "देतो की."

दुसऱ्या दिवशी जमिनीवरच्या रांदोरीला, म्हणजे सरावाच्या झुंजीला, सरांनी त्याला समोर बोलावलं. एरवी ते आमच्यातल्या मोठ्या मुलांना घ्यायचे. दोन-चार वेळा त्याला उलटापालटा केल्यावर सर त्याच्या पाठीमागे गेले. डावा हात त्याच्या काखेतून घालून गीची एक कड खाली ओढून धरली, उजवा हात गळ्यावरून फिरवून दुसरी कॉलर पकडली आणि छाती त्याच्या पाठीला लावून मागे रेलले. हा रीतसर डाव आहे, ओकुरी-एरी-जिमे. यात श्वासनलिका दाबायची नसते, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. नीट बसला तर काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. म्हणूनच टॅप असतो. हातानं दोनदा थोपटलं की सोडायचं. समोरच्याच्या अंगावर थोपटा, मॅटवर थोपटा, हात अडकले असतील तर पाय आपटा. त्या क्षणी सोडायचं. ज्युदोत दुसरा कुठलाही नियम मोडला तर पंच शिक्षा देतात. हा नियम मोडला तर ज्युदोच उरत नाही, कारण मी माझा गळा तुझ्या हातात देते तो याच एका भरवशावर.

त्यानं सरांच्या हातावर थोपटलं. मग पुन्हा. मग ताडपत्रीवर. ताडपत्रीवर उघडा पंजा पडला की तो आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमतो, कुणाला ऐकू आला नाही असं म्हणायची सोय नव्हती. आम्ही सगळे कडेला गुडघ्यांवर बसलेलो. सर त्याच्याकडे बघत नव्हते, आमच्याकडे बघत होते, एकेकाच्या तोंडाकडे. त्यानं टाचा आपटल्या. मग हात सैल पडला.

सरांनी त्याला आडवं केलं, पाय वर उचलून धरले. तेवढं त्यांनी व्यवस्थित केलं. तो शुद्धीवर आला आणि म्हणाला, "कुणी टाकलं मला?" दोघं-तिघं हसले. सर म्हणाले, "आता विचार काय विचारायचंय ते." नंतर रोजच्यासारखी रांग लागली, रोजच्यासारखं वाकणं झालं, आणि रोजच्यासारखं सगळ्यांबरोबर तोही म्हणाला, "थँक यू, सर."

तो पुन्हा आला नाही.

मी घरी जाऊन हे अण्णांना सांगितलं. तक्रार म्हणून मुळीच नाही. सर किती कडक आहेत, आमच्या क्लासमध्ये कुणाची ब्र काढायची हिंमत नाही, अशा थाटात सांगितलं. अण्णा साखर कारखान्यात होते. तरुणपणी गावच्या तालमीत घुमलेले, कान मोडलेले, वस्तादांचा मार भरपूर खाल्लेले. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी ताटातला हात थांबवला.

"हात थोपटला न्हवं त्यानं?"

"थोपटला."

"मग? पाठ टेकली की कुस्ती निकाली. त्याच्याम्होरं धरून ठिवायचं कशापायी?"

मी चिडले. "तुम्हाला ज्युदोतलं काही कळत नाही, अण्णा," म्हणाले आणि उठले. त्या वर्षी मला नॅशनलला ब्राँझ मिळालं. अण्णा स्टेशनवर हार घेऊन आले होते, पण सरांच्या गळ्यात हार घालायला पुढे झाले नाहीत. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

त्या अकरावीतल्या मुलीशी मी अजून भांडते आणि दर वेळी जिंकते असं नाही. ती म्हणते, मेडल आलं की नाही? आलं. तुझा डावा पाय सेओइ-नागेला, त्या खांद्यावरून टाकायच्या डावाला, मागे राहायचा, तो कुणी सुधारला? सरांनी. छडी घोट्यावर बसली तेव्हाच सुधारला ना? इथं मी अडकते. छडीच्या आधी सरांनी महिनोन्महिने माझी मनगटं धरून मला तो गिरका घ्यायला लावला होता. पाय त्यानं बसला की छडीनं, हे मला आज खरोखर वेगळं काढता येत नाही. तुम्ही सांगता तितक्या खात्रीनं "छडीनंच" असं मी म्हणणार नाही, आणि "छडीशिवायही बसलाच असता" असं शपथेवर सांगणं मला जमणार नाही.

पण मी तिला एक विचारते, तेच तुम्हालाही विचारते. तुम्ही मला विचारता कारण मी टिकले. मेडल असलेल्या माणसाला बोलावून "मारानं फायदा झाला का?" असं विचारलं तर उत्तर काय येणार? त्या पायानं चपळ मुलाला कुणी विचारलं? आमच्या हॉलमधून निमूटपणे नाहीशी झालेली पोरं एका बाजूला मांडली तर आमची मेडलं फार थोडी दिसतील.

मग मी सरांच्या पाया का पडते? हेही तुम्ही विचारता, जरा खोचकपणे. स्पर्धांमध्ये सर भेटतात, थकलेत आता. मी वाकते. कारण जनरलच्या डब्यात आम्हा मुलींना बसायला देऊन ते रात्रभर दाराशी उभे राहिले होते. कारण एकदा माझी प्रवेश फी त्यांनी खिशातून भरली आणि घरी कळू दिलं नाही. त्याच माणसानं टॅप ऐकूनही हात सोडला नाही. या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत आणि मला त्यांची बेरीजही करता येत नाही. त्या संध्याकाळबद्दल मी सरांना कधी विचारलेलं नाही. विचारेन की नाही, तेही ठाऊक नाही.

मात्र माझ्या मॅटवर काय चालेल हे मला ठाऊक आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळात कोदोकान ही आपली ज्युदो शाळा सुरू केली. ते पेशानं शिक्षक. आपलं आणि समोरच्याचं, दोघांचं भलं एकत्रच साधायचं, ही त्यांची शिकवण होती. ही काही भिंतीवर लिहायची सुविचारवाणी नाही, सरावाची साधी गरज आहे. मला टाकायला शिकायचं तर कुणीतरी पडायला हवं, आणि आज जो पडला तो उद्या पुन्हा यायला हवा. म्हणून ज्युदोत शिस्त लागते ती वर असलेल्याला. ज्याच्या हातात समोरच्याची कॉलर आहे त्याला. खालच्याला शिस्त लावायला काय लागतं? तो तसाही खालीच आहे.

मुलांना मी 1964 ची गोष्ट सांगते. टोकियो ऑलिंपिक, ज्युदोचा पहिलाच समावेश, खुल्या गटाचा अंतिम सामना. डच खेळाडू अँटोन गेसिंकनं जपानच्या कामिनागाला त्यांच्याच घरात दाबून धरलं आणि जिंकला. त्याचे पाठीराखे आनंदानं मॅटकडे धावले. गेसिंक अजून पुरता उठलाही नव्हता, तरी त्यानं हात उंचावून त्यांना थांबवलं. समोर हरलेला माणूस होता. एवढं ऐकून मुलं गप्प होतात आणि पाच मिनिटांत पुन्हा दंगा करतात. करू देत.

माझ्याकडे नियम असा आहे: टॅप झाल्यावर ज्यानं सोडलं नाही तो त्या दिवशी बाहेर बसतो, मग तो कितीही मोठ्या बेल्टचा असो. मुलांना सांगून ठेवलंय की माझ्याबाबतीतही हेच. गळ्याचे डाव मी लहान मुलांना शिकवतच नाही. पालकांनी कधीही येऊन बाकावर बसावं. पैशांची पावती त्याच वेळी मिळते, न मागता.

तरीही तुमचा प्रश्न मिटत नाही, मला माहीत आहे. गेल्या वर्षी माझा एक चांगला मुलगा दुसऱ्या क्लासला गेला. तिथले सर हात उचलतात. त्याला यंदा राज्य स्पर्धेत सुवर्ण मिळालं, माझ्याकडे असताना त्याची पहिली फेरीही निघत नव्हती. त्याच्या वडिलांचा फोन आला, टोमणा मारायला नाही, कौतुकानंच. "मॅडम, पाया तुमच्याकडेच रचला गेला, पण तिथं जरा वचक आहे." मी अभिनंदन केलं. मुलाचा आनंद मलाही झाला, त्यात खोट नव्हती. मग विचारलं, "सरावात तो टॅप करतो तेव्हा लगेच सोडतात ना?"

"टॅप म्हणजे?"

मुलगा चार वर्षं ज्युदो करतोय. मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं, हात कुठं थोपटायचा, कधी, आणि समोरच्यानं काय करायचं ते.

"बरं," ते म्हणाले, "विचारतो त्याला."